दही, खरवस आणि पेप्टाइडचे जेल
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानावरून)



पेप्टाइड जेल हा प्रयोगशाळेतला विषय, त्याचा आपल्या गोठ्याशी काय संबंध, असे आपणास वाटले असेल. पण रात्री विरजण लावले की सकाळपर्यंत भांड्यात जवळपास हेच घडलेले असते. पातळ दूध घट्ट होते, मात्र त्यातील पाणी कोठेही जात नाही. गाईच्या दुधाच्या दह्यात सुमारे ८५ टक्के पाणीच असते. ते धरून ठेवते केसीन या प्रथिनाचे जाळे.

हे जाळे कोणी विणत नाही. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो. त्या वेळी केसीनच्या कणांवर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर ठेवतात. विरजणातील जिवाणू दुग्धाम्ल तयार करतात, सामू ४.६ कडे उतरतो, भार नाहीसा होतो आणि कण आपणहून जुळतात. आम्ल हा बाहेरून दिलेला इशारा. खरवसात तोच इशारा उष्णतेचा असतो. चिकातील प्रथिने वाफेवर उलगडतात व एकमेकांत गुंततात. पहिल्या दिवसाच्या चिकाची वडी पडते, पण तिसऱ्या दिवशी खरवस सैल होतो, कारण ती प्रथिने झपाट्याने कमी झालेली असतात. चीजसाठी वापरतात ते रेनेट आणखी वेगळे. ते केसीनच्या कणावरचा बाहेरचा संरक्षक भाग कापते. दूध थंड असेल तर कापण्याचे काम होते, पण साकळण्याची क्रिया दूध कोमट केल्यावरच होते.

आता पेप्टाइडकडे वळू. अमिनो आम्लांची लांब साखळी म्हणजे प्रथिन, आखूड साखळी म्हणजे पेप्टाइड. केसीनच्या साखळीत दोनशेच्या आसपास दुवे असतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत शुगुआंग झांग यांना यीस्टच्या एका प्रथिनात अवघ्या १६ दुव्यांचा असा तुकडा आढळला, की जो क्षार मिळताच आपणहून जाळे बनवतो. हे काम १९९३ साली प्रसिद्ध झाले. त्याच कुळातील एक पेप्टाइड आज शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरले जाते. कुपीत ते पातळ असते, रक्तातील क्षारांशी गाठ पडताच जेल होते. डेलावेअर विद्यापीठात २००२ साली २० दुव्यांचे पेप्टाइड मुद्दाम रचण्यात आले. सामू वाढविला की ते घडी घालून एकमेकांस जुळते. पुढे २००५ मध्ये तेथेच प्रकाश पडल्यावर घट्ट होणारा प्रकारही तयार झाला.

मला स्वतःला यापेक्षा महत्त्वाची वाटते ती इशाऱ्याच्या वेगाची गोष्ट. अगदी लहान, दोन दुव्यांच्या पेप्टाइडच्या द्रावणात आम्ल एकदम ओतले तर जेथे आम्ल पडते तेथे गुठळ्या होतात आणि बाकीचे पातळच राहते. इंग्लंडमधील लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली यावर उपाय मांडला. ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन नावाची पूड पाण्यात विरघळून सावकाश आम्ल बनते. ती वापरल्यावर सर्वत्र एकसारखे जेल मिळाले. सोयाबीनच्या दुधाचे मऊ टोफू लावण्यासाठी हीच पूड वापरतात!

पनीर आणि दही यांतला मोठा फरक हाच आहे. तापलेल्या दुधात आम्ल एकदम घातले की गोळे होऊन निवळी वेगळी होते, आणि पनीरसाठी आपल्याला तेच हवे असते. दह्यात मात्र ते नको. हॉटेलला दही घालणाऱ्या भगिनींचे भांडे निवळी सुटली म्हणून परत येते, तेव्हा दोष पुष्कळदा विरजणाचा नसून घाईचा असतो. दूध जास्त गरम असताना विरजण लावले तर जाळे भरभर व जाडेभरडे बनते आणि पाणी सोडते. म्हणून दूध ८५ ते ९० अंश से. पर्यंत तापवून काही मिनिटे तसेच ठेवावे. त्यामुळे निवळीतील प्रथिने केसीनला चिकटून जाळे पक्के होते. मग ३० अंशांच्या आसपास निववून विरजण लावावे आणि लागेपर्यंत भांडे हलवू नये. अर्धवट जुळलेले जाळे एकदा मोडले की पूर्वीसारखे बसत नाही.

ही पेप्टाइड जेल शेतात कधी येणार, असे एका बंधूंनी विचारले. तूर्त ती महाग आहेत आणि त्यांचे क्षेत्र वैद्यकाचे आहे. आपण जमिनीत घालतो ते पुसा हायड्रोजेल वेगळे. ते सेल्युलोजपासून केलेले असून त्याचे जाळे कारखान्यातच पक्के बांधलेले असते. शेतात ते फक्त पाणी शोषून फुगते. दुकानात ‘पेप्टाइड’ असे छापलेल्या फवारणीच्या बाटल्या दिसतात, त्यांत साधारणपणे प्रथिने तोडून केलेला अर्क असतो. त्याचा या जेलशी संबंध नाही. घ्यायचीच झाली तर मी आधी दोन गुंठ्यांवर फवारून, शेजारी दोन गुंठे न फवारता ठेवून पाहीन. बाटलीचे पक्के बिल मात्र अवश्य घ्यावे.