वाटसरूला मोकळी वाट

कॅनडातील क्वेबेक हे फ्रेंचभाषी नगर १६०८ साली वसले. जुन्या नगराभोवतीचा तट आजही उभा आहे. उर्सुलाईन धर्मभगिनींनी तेथे १६३९ साली मुलींची शाळा काढली. अशा जुन्या वळणाच्या गावात दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया दांपत्य म्हणून उतरावयास आल्या, तर त्यांना खोली नाकारता येत नाही. लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास प्रांताच्या मानवी हक्कांच्या सनदेने १९७७ सालीच मनाई केली, आणि त्या सनदेत हॉटेल, खानावळ, वाहन यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. मला तो उल्लेख मोलाचा वाटतो. वाटसरूची अडवणूक तेथेच तर होते!

आपल्याकडे समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले ते २०१८ साली. तृतीयपंथीयांना तर रस्ताच बंद होता. आपले भैंसा ज्या निजामी राज्यात होते, तेथे १३२९ फसलीचा, म्हणजे १९१९ चा, एक कायदा होता. संशयावरून त्यांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत चढत. नोंदलेली व्यक्ती स्त्रीवेषात रस्त्यावर दिसली, की वॉरंटावाचून अटक. लुगडे नेसून उंबरठा ओलांडणे हाच अपराध! निजाम गेला, कायदा राहिला. तेलंगण उच्च न्यायालयाने तो रद्द केला जुलै २०२३ मध्ये.

रेल्वेच्या आरक्षणाच्या अर्जात त्यांच्यासाठी रकाना आला २०१६ साली. परंतु भैंशाहून नांदेडला जाणाऱ्या बसमध्ये, गर्दी असली तरी, त्यांच्या शेजारची जागा पुष्कळदा रिकामीच राहते. २०२३ सालापर्यंत कंडक्टर तिकिटाचे पैसे मात्र पुरे घेत असे.