सरांच्या लकबी



१९४० च्या आसपासची गोष्ट. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे एक प्राध्यापक नाणी तोलण्याच्या नादी लागले होते. एकदोन नव्हेत, हजारो नाणी. रोजच्या बाजारात फिरणारी तोलली, तक्षशिलेला जमिनीतून निघालेली चांदीची आहत नाणीही घेतली. एकेक उचलायचं, तराजूत घालायचं, वजन टिपायचं, पुढचं घ्यायचं. बघणाऱ्याला वाटावं, माणूस हुशार आहे खरा, पण कुठंतरी थोडं सटकलंय.

हे दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांचा हिशेब सरळ होता. नाणं जितक्या हातांतून जातं तितकं झिजतं. एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांचं सरासरी वजन वर्षांगणिक उतरत जातं, आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो. आहत नाण्यांवर राजाचं नाव नसतं, साल नसतं, नुसते ठसे असतात. पण झीज मोजली, ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर घासली, की कोणती आधीची आणि कोणती नंतरची हे सांगता येतं. म्हणजे ज्याला लोक छंद समजत होते तो गणिताचाच तास होता. फक्त फळा नव्हता आणि घंटा होत नव्हती.

आज मी प्राध्यापकांच्या लकबींबद्दल बोलणार आहे. त्या दोन जातीच्या असतात. दर वाक्यानंतर ‘आलं का लक्षात?’ म्हणणं, खडू बोटांत फिरवणं, डस्टर हाताशी असताना कोटाच्या बाहीनं फळा पुसणं, ही एक जात. तिच्या नकला आपण सगळ्यांनी केल्या आहेत. गॅदरिंगला त्याशिवाय दुसरं करतात काय? दुसऱ्या जातीची लकब मात्र विषयातूनच उगवलेली असते. विषय माणसाच्या अंगात इतका मुरतो की तो वर्गाच्या दारात थांबत नाही, सरांबरोबर घरी जातो, मंडईत जातो, लग्नाला जातो.

लग्नाला जातो म्हणालो, कारण आमचे वनस्पतिशास्त्राचे सर. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना आवडायचं नाही. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग कायम. पंगतीत बसले की वाढपी येण्याआधी ते पत्रावळ उलटी करून बघायचे. वरण घेऊन आलेला मुलगा ताटकळत उभा, शेजारचे पाहुणे अवघडलेले, आणि सर भिंगातून पानाच्या शिरा बघताहेत. मग समाधानानं पत्रावळ सुलटी करून म्हणायचे, ‘वडाची आहे. वाढ.’ एकदा वर्गात कुणीतरी उगाच शहाणपणानं ‘पळसाला पानं तीनच’ अशी म्हण टाकली. सर थांबले. ‘तू मोजलीस?’ मुलगा गप्प. तास तिथंच मोडला आणि आम्हा सगळ्यांना घेऊन सर मागच्या टेकडीवर गेले. तिथं कळलं, की ती तीन पानं नव्हेतच. एकाच पानाची ती तीन दलं. मधलं दल थोडं मोठं, बाजूची दोन जरा तिरकी. परीक्षेत यावर प्रश्न आला नाही. पण आजही पळस दिसला की मी दलं मोजतो, आणि बरोबरच्या माणसाला कंटाळा आणतो.

गणिताच्या मास्तरांबद्दलची पुण्याची परंपरा तर फार जुनी. लोकमान्य टिळक न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि पुढं फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. ते उदाहरण तोंडीच सोडवून मोकळे होत, अशा आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. गोपाळ कृष्ण गोखल्यांची तऱ्हा वेगळी. इंग्रजी, गणित, अर्थशास्त्र, जो विषय समोर येईल तो ते शिकवत. त्यामुळं ‘मागाल तो विषय शिकवणारे प्राध्यापक’ अशी त्यांची ख्याती झाली. त्यांनी लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक शाळाशाळांतून चाललं. भारत सेवक समाजाचे संस्थापक म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांनी कितीएक मुलांना व्याजाच्या आणि नफातोट्याच्या गणितांनी रडवलं असेल, ही कल्पना मला मोठी सुखाची वाटते.

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात एफ. डब्ल्यू. बेन नावाचे इंग्रज प्राध्यापक होते. इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवायचे. १८९९ च्या सुमारास त्यांनी एक प्रेमकथा प्रसिद्ध केली आणि सांगितलं, की हे एका संस्कृत हस्तलिखिताचं भाषांतर आहे. हस्तलिखित बिस्तलिखित काही नव्हतं. सगळं त्यांच्याच डोक्यातलं. पुढंही त्याच थाटाच्या कथा ते लिहीत राहिले. विद्वानांना याचा राग यावा हे ठीकच. इतिहासाच्या मास्तरानं खोटं साधन उभं करावं हे मलाही पचत नाही. पण ज्या शहरात अस्सल पोथ्यांची वानवा नव्हती, तिथं बसून या गृहस्थानं नकली पोथी रचली, याचं हसू आल्याशिवाय राहत नाही.

हेच डेक्कन कॉलेज सरकारनं १९३४ मध्ये बंद केलं. माजी विद्यार्थी भांडले, आणि १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. तेव्हा तिथं जी मंडळी आली त्यांत पुरातत्त्वाचे हसमुख सांकलिया होते, आणि इरावती कर्वे होत्या.

इरावतीबाईंचं नाव निघालं की पुणेकरांना आधी त्यांची स्कूटर आठवते. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली स्त्री असा त्यांचा लौकिक. त्या काळी रस्त्यातून स्कूटरवर बाई गेली म्हणजे पेठेतल्या माणसाला दोन दिवसांचा विषय मिळाला. बर्लिनला त्यांनी डॉक्टरेट केली ती माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात या विषयावर. परत आल्यावर माणसं मोजायचं काम सुरूच राहिलं. सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला उत्खननात गेल्या, तिथं निघालेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांचा अभ्यास केला.

पण माझ्या मते त्यांची खरी लकब कवट्यांत नव्हती, नात्यांत होती. कोण कुणाला काय म्हणतं, कुठल्या जातीत मामाच्या मुलीशी लग्न चालतं आणि कुठल्या जातीत ते पाप, हे गोळा करत त्या देशभर हिंडल्या. आणि या अभ्यासातून त्यांनी स्वतःलाही सोडलं नाही. ‘परिपूर्ति’ हा त्यांचा लेख बघा. अमक्याची मुलगी, तमक्याची सून, अमक्याची पत्नी अशी सभेत ओळख करून दिली जाते, आणि तरी बाईंना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. ते उणं भरून काढतं रस्त्यावरचं एक पोर, त्यांना आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखून. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर तो कौतुकाचा लेख झाला असता. इथं समाजशास्त्राच्या प्राध्यापिकेनं स्वतःलाच नमुना म्हणून टेबलावर घेतलंय, आणि हसतहसत.

कोसंबींचं थोडं राहिलं. हातात काठी घेऊन ते पुण्याच्या टेकड्या पालथ्या घालत, वाटेत अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं वेचत. भर्तृहरीच्या सुभाषितांच्या शेकडो पोथ्या ताडून त्यांनी संशोधित आवृत्ती काढली. पुढं मुंबईला टाटा संस्थेत गेले, तरी घर पुण्यातच, आणि जाणं-येणं डेक्कन क्वीननं. स्वभावानं फटकळ. पण थट्टाही करायचे. अलीगढला असताना आंद्रे वेइल या फ्रेंच मित्राच्या चिथावणीवरून त्यांनी १९३१ मध्ये एक निबंध छापला आणि त्यात ‘बुरबाकी’ नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा गंभीरपणे आधार दिला. काही वर्षांनी वेइल आणि त्याच्या मित्रांनी तेच नाव घेऊन ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले आणि बुरबाकी जगप्रसिद्ध झाला. बेनसाहेबांच्या पोथीवर मी मघाशी नाक मुरडलं. इथं मात्र टाळी द्यावीशी वाटते. पक्षपात आहे, कबूल.

आणि ज्यांना लकबच नसते त्यांचं काय? आमचे अर्थशास्त्राचे एक सर तसे होते. वेळेवर यायचे, सरळ उभे राहायचे, स्वच्छ शिकवायचे, घंटा झाली की जायचे. खोकलासुद्धा नाही. आमच्यातला अट्टल नकलाकार सगळ्यांना उतरवायचा, यांच्यापाशी अडायचा. एका मेळाव्यात आम्ही त्याला भरीस पाडलं. तो उठला, खडू घेतला, क्षणभर विचारात पडला, आणि फळ्यावर दोन रेषा काढून मागणी-पुरवठा समजावून सांगायला लागला. कुणी हसलं नाही. पाचेक मिनिटांनी मागच्या बाकावरून आमच्यातल्याच एका निवृत्त बँक मॅनेजरनं हात वर केला आणि विचारलं, ‘सर, ही रेषा उजवीकडं का सरकली?’