रविवारनंतर सोमवारच का?

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. वारांची नावं ग्रहांवरून आलीत, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्यांचा क्रम? सूर्य, मग चंद्र, मग एकदम मंगळ, मग बुध... आकाशात तर ग्रह असे ओळीने नाहीत! मग ही रांग लावली कुणी?

याचं उत्तर आहे चक्क गणितात. जुन्या ज्योतिषांनी ग्रहांना वेगाप्रमाणे लावलं होतं, सगळ्यात मंद ते सगळ्यात जलद: शनि, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. मग दिवसाच्या २४ तासांपैकी प्रत्येक तास एकेका ग्रहाला वाटून दिला. या तासाला आपल्याकडे म्हणतात 'होरा'. हा शब्द ग्रीकमधून आला आणि इंग्रजीतला 'अवर'सुद्धा त्याच घरातला.

आता बोटं मोजा. दिवसाच्या पहिल्या होऱ्याचा जो ग्रह, त्याचं नाव त्या दिवसाला. शनिवारी पहिला होरा शनीचा. सात ग्रहांच्या तीन फेऱ्या झाल्या की २१ तास संपले. उरले तीन: शनि, गुरू, मंगळ. पुढचा कोण? रवी! म्हणून शनिवारनंतर रविवार. रवीपासून पुन्हा तसंच मोजा, येतो चंद्र, म्हणजे सोम. मग मंगळ. झाला की आठवडा तयार!

ही पद्धत रोमन साम्राज्यात पसरली. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराच्या भिंतीवरही वारांच्या देवांची यादी खरडलेली सापडलीय. आपल्याकडे त्याआधी तिथी आणि नक्षत्रं चालायची. अशोकाच्या लेखांत चतुर्दशी आहे, पुष्य नक्षत्र आहे, पण वार नाही. भारतात वारासकट तारीख स्पष्टपणे दिसते ती मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या, बुधगुप्ताच्या काळातल्या स्तंभलेखात. साल इ.स. ४८४, आषाढ शुद्ध द्वादशी आणि वार 'सुरगुरूचा', म्हणजे आपला गुरुवार.

नंतर ही नावं लोकांच्या तोंडी घासून गुळगुळीत झाली. आदित्यवाराचा झाला आइतवार, बृहस्पतिवाराचा बेस्तरवार. गोव्यात कोंकणीत आजही आयतार, बिरेस्तार म्हणतात. पुण्यात तर सातही वारांच्या पेठा आहेत!

आता महत्त्वाचं. क्रम गणिताने लावला, पण रविवारची सुट्टी? ती काही ग्रहांनी दिली नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कामगार आठवड्याचे सातही दिवस राबायचे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र करून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. गिरणीमालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी. म्हणजे तब्बल सहा वर्षांनी!

आज हे ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण रविवारी डिलिव्हरीची बॅग पाठीला लावून फिरत असतील, नाहीतर मॉलच्या काउंटरवर उभे असतील. त्यांच्यासाठी रविवार अजून फक्त कॅलेंडरवरच आहे. वाराचं नाव आपोआप मिळतं मंडळी, सुट्टी मात्र मागावी लागते.

तुमच्या घरी, गावी वारांना आणखी काय म्हणतात? आजी-आजोबांना विचारा आणि आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!