मनाच्या जखमा आणि आपली जबाबदारी

(शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. पडलेली घरे पुढे नव्याने उभी राहिली. परंतु वाचलेल्यांपैकी अनेकांना दीर्घकाळ छताखाली निर्धास्त झोप येईना. तरी ते दुःख साऱ्या गावाचे होते, त्याबद्दल उघड बोलता येत होते.

ज्या आघाताची अशी तारीख सांगता येत नाही, त्याविषयी आज मला बोलावयाचे आहे. बापाच्या पावलांची चाहूल घेत भीतभीत वाढलेले मूल किंवा वर्षानुवर्षे मार सोसणारी स्त्री यांच्या घरात भूकंप रोजच होत असतो; आणि तोही ज्याच्या आधाराने राहावयाचे, त्याच माणसाकडून. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची ११वी आवृत्ती २०२२ पासून अंमलात आली. तिच्यात दीर्घकालीन आघातातून उद्भवणाऱ्या अशा विकाराची स्वतंत्र नोंद आहे. भयाच्या आठवणी पुन्हा पुन्हा जाग्या होणे, भावनांवरील ताबा सुटणे, स्वतःला कवडीमोल समजणे आणि माणसांची जवळीक नकोशी होणे, ही त्याची काही लक्षणे होत.

एका शाळेत पाहिलेला प्रसंग सांगतो. गुरुजींनी वर्ग शांत करण्यासाठी टेबलावर डस्टर आपटले. पाचवीतील एक मुलगा शेजाऱ्याला ढकलून दाराबाहेर धावत सुटला. वर्ग हसला. ‘मुलगा उनाड दिसतो’, असे मीही टिपून ठेवले. त्याच्या घरची हकिकत नंतर कळली, तेव्हा ती ओळ मला खोडावी लागली. तो आवाज म्हणजे त्याच्या लेखी मार सुरू होण्याची खूण होती. अशी खूण मिळताच विचार जागा होण्यापूर्वीच शरीर धोक्याची घंटा वाजविते. आवाज, वास, चढलेला स्वर, काहीही पुरते. यात हट्ट नसतो, दुबळेपणाही नसतो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये बरे होण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या: प्रथम सुरक्षितता, मग घडलेल्याचे स्मरण व शोक, आणि शेवटी माणसांशी पुन्हा नाते. या क्रमास महत्त्व आहे. मार चालू असताना ‘झाले गेले विसर’ हा उपदेश व्यर्थ होय. आणि धीर येण्याआधी जबरीने हकिकत वदवून घेणे अपायकारक होय.

आपल्या खुणा ओळखणे ही पुढची विद्या. कशाने मन बिथरते, हे वहीत टिपावे. घंटा वाजली की पाय जमिनीवर घट्ट टेकावेत, श्वास सावकाश सोडावा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मनात घ्यावीत. त्यामुळे मनाला कळते की, आपण तेव्हा नाही, आज येथे आहोत. सरावाने ही लाट ओसरू लागते. मात्र त्यास काळ लागतो.

पहिली पायरी आपल्या हातची आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यान्वये पीडित स्त्रीस संरक्षण अधिकाऱ्याचे साहाय्य मिळते. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून सुरू झालेला ‘टेलि-मानस’चा १४४१६, हे क्रमांक पंचायतीच्या फलकावर ठळक लिहावेत. घरगुती भांडण म्हणून तक्रार परत पाठवू नये.

त्या गुरुजींनी डस्टर आपटणे सोडले आणि मुलाला दाराजवळ जागा दिली. बाहेर जावेसे वाटले तर बोट वर कर, एवढेच सांगितले. वर्षअखेरीस मी पुन्हा गेलो, तेव्हा मुलगा अजूनही अधूनमधून बाहेर जात होता. पण आता बोट वर करून जात होता आणि आपण होऊन परत येत होता.

मित्रहो, आपापल्या गावी असे एक दार आपण उघडे ठेवावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.