यंत्रांचें संभाषण
आठवडाभर चाललेल्या प्रयोगांतील मोक्याची एक नोंद संगणकापर्यंत पोंचली नाहीं, तर सारे श्रम वायां जातात. म्हणून उपकरणें संगणकाशीं जोडतांना निव्वळ वेगावर भुलूं नये. १९७५ सालीं प्रमाणित झालेली आयईईई-४८८ वाहिनी संगणकासह १५ यंत्रांना एकत्र बांधते. तार मात्र एकूण २० मीटरांच्या आंतच हवी. तिच्यावर प्रत्येक ऐकणाऱ्या यंत्रानें अक्षर स्वीकारल्यावांचून पुढचें निघत नाहीं. मंद यंत्राचें कांहीं हुकत नाहीं, परंतु इतरांस त्याच्यासाठीं खोळंबावें लागतें. यूएसबी २.० सोयीची खरी, पण तिची तार ५ मीटरांचीच. ईथरनेटची तांब्याची तार १०० मीटर जाते. तथापि जाळें गजबजलें कीं निरोपास विलंब होऊं शकतो. सबब अंतर, यंत्रांची संख्या आणि वेळेची निकड यांचा हिशेब आधीं करावा. तार मग निवडावी.