डासाला सवय होत नाही

(बोईसरला वस्तीतल्या तरुणांपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गोदीत माल चढवतो-उतरवतो आणि कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. तेव्हा डासांवर बोलायचा याला काय अधिकार, असं कुणी विचारील. अधिकार एवढाच, की डास मला चावतो. ज्याला चावतो त्यानं त्याचं शास्त्र शिकावं. नाहीतर दुसरा सांगेल ते ऐकत बसावं लागतं.

पावसाळा लागला की आपल्या वस्तीत दोन वाक्यं ऐकू येतात. एक : ‘डास तो डास, कुठला का असेना.’ दुसरं : ‘डासांना आता औषधाची सवय झालीय.’ दोन्ही खोटी आहेत. आणि ही खोटी वाक्यं कुणाच्या तरी फायद्याची आहेत. आपल्या नव्हे. ज्यांना गटार बांधायचं नाही, पाणी द्यायचं नाही, त्यांच्या. म्हणून आज ती दोन्ही मोडून काढू.

पहिलं वाक्य घ्या. पालघरच्या भातखाचरात, ओढ्यात, कालव्यात वाढणारा आणि गोठ्यात बसणारा डास वेगळा. त्याचं नाव अॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस. खेड्यातला हिवताप मुख्यतः त्याचा. बांधकामावरच्या टाक्यांत, विहिरीत, गच्चीवरच्या साठवणीत वाढणारा दुसरा, अॅनॉफिलीस स्टीफेन्सी. शहरातला हिवताप याचा. आणि आपल्या दारातल्या पिंपात, फुटक्या टायरात वाढणारा, दिवसाढवळ्या चावणारा तिसरा, एडिस इजिप्ती. डेंग्यू, चिकुनगुन्या याचा. तिघांचं घर वेगळं, चावायची वेळ सगळ्यांची एक नाही, रोगही सगळ्यांचा एक नाही. मग तिघांवर संध्याकाळी एकच धुराची गाडी फिरवून काय होणार? धूर फक्त त्या घटकेला उडणाऱ्या डासाला लागतो. पाण्यातली अळी खाली मजेत असते.

एवढ्यावर संपत नाही. क्युलिसिफेसीस हासुद्धा एक डास नाही. १९८० साली गुणसूत्रांवरचे पट्टे तपासून कळलं, की एका नावाखाली निरनिराळे वाण लपलेत. आज ते पाच धरतात : ए, बी, सी, डी, ई. भिंगाखाली दिसायला सगळे सारखे. पण बी गुरांचं रक्त पसंत करतो, हिवताप फारसा पसरवत नाही. बाकीचे पसरवतात. आपल्या पश्चिम भारतात बी आणि सी दोन्ही सापडतात. आता सांगा, गावात नुसता बी असेल तर तिथला फवारा म्हणजे पैसा मातीत. आणि सी असेल नि फवारलं नाही, तर माणूस मातीत.

शास्त्राच्या मराठी पुस्तकात ‘स्पेसीज’ला जात म्हणतात. मी मुद्दाम वाण म्हणतोय. डासांचे हे वाण निसर्गात एकमेकांत सहसा मिसळत नाहीत. माणसाच्या जातीत असला कुठला निसर्गाचा भेद नाही. जात म्हणजे वंशभेद नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलंय. डासाच्या विद्येचा आधार घेऊन कुणी आपल्याला रक्ताच्या गोष्टी सांगायला लागला, तर त्याला तिथंच गप्प करा.

आता दुसरं वाक्य. ‘सवय झाली.’ दारूची सवय होते, तंबाखूची होते. एका डासाला विषाची सवय होत नाही, तो मरतो. मग होतं काय? एका वाणातले लाखो डाससुद्धा आतून सारखे नसतात. जनुकांत बारीकसारीक फरक असतात, आपोआप पडलेले, विष यायच्या आधीपासूनचे. डीडीटी डासाच्या मज्जातंतूतलं एक बारीक दार उघडं धरून ठेवतं. मज्जातंतू झटके देत राहतो, डास तडफडून मरतो. पण लाखात एखाद्याच्या त्या दाराची घडणच जराशी वेगळी असते. विष तिथं नीट बसत नाही. बाकीचे मरतात, हा उरतो. मादी एका वेळेला शंभर-दीडशे अंडी घालते आणि उन्हाळी हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. उरलेल्यांचीच पिल्लं, त्यांचीच नातवंडं. थोड्या वर्षांत सगळा मुलूख त्यांचा. डास काही शिकला नाही. विषानं निवड केली.

आणि हे आपल्या शेजारी घडलंय. १९४७ च्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी माणसं हिवतापानं आजारी पडत, आठ लाख मरत, असा अंदाज आहे. १९५३ ला डीडीटीची मोहीम निघाली, १९५८ ला तिचं नाव निर्मूलन झालं. १९६१ ला रुग्ण पन्नास हजारांवर आले. विजयाचे ढोल वाजले. पण १९५९ लाच, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पंचमहाल जिल्ह्यात, डीडीटीला न मरणारा क्युलिसिफेसीस सापडला होता. मग मॅलॅथिऑन आणलं. १९७३ ला गुजरातेत त्यालाही न मरणारा निघाला. १९७६ ला देशात रुग्ण झाले चौसष्ट लाख. सगळा दोष डासाच्या जनुकांचा नाही. पैसा आटला, माणसं कमी केली, काम ढिलं पडलं. डासानं ती फट वापरली.

पुढं आली पायरेथ्रॉइडची विषं. तुमची अगरबत्ती, कॉइल, भिंतीत खुपसायचं लिक्विड, सरकारी मच्छरदाणीवरचं औषध, बहुतेक त्याच घराण्यातलं. आणि ते घाव घालतं कुठं? डीडीटीनं घातला त्याच दारावर. म्हणजे बापजाद्यांच्या काळात डीडीटीनं जो डास निवडून ठेवला, त्याला नवं विष अर्धं ओळखीचंच. बाई महिन्याच्या पगारातून कॉइलचे पैसे बाजूला काढते आणि रात्री पोराच्या अंगावरचे डास हातानंच मारते. त्याचं कारण हेही आहे.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. गोदीत पेट्या मोजतात, डास मोजत नाहीत. एडिस इजिप्ती मूळचा आफ्रिकेचा. गुलामांच्या जहाजांतून, पिण्याच्या पाण्याच्या पिंपांतून तो अमेरिकेत उतरला. माणसाला साखळीत घालून नेलं आणि त्याच्याबरोबर रोगही नेला. आणि आपल्याकडचा स्टीफेन्सी? तो २०१२ ला आफ्रिकेच्या जिबूती बंदरात सापडला. त्या वर्षी त्या देशात हिवतापाचे रुग्ण होते २७. २०२० ला झाले त्र्याहत्तर हजारांवर. एका बंदराच्या देशाची ही गत.

आपल्या जिल्ह्यातही बंदर येतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी पालघरात झाली. बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला होतंय. खड्डे, टाक्या, परगावच्या मजुरांचे तळ. स्टीफेन्सीला आणखी काय पाहिजे? मजूर गावाकडून अंगात ताप घेऊन येतो, डास इथं तयार असतो. मग बोट दाखवतात मजुराकडं. खड्डा कुणाचा, ते कुणी विचारत नाही.

म्हणून तीन मागण्या करू.

पहिली, आमचा डास तपासा. विष लावलेल्या कागदाच्या नळीत डास तासभर ठेवायचे, चोवीस तासांनी मेलेले मोजायचे. शंभरातले अठ्ठ्याण्णव मेले तर औषध चालतंय. नव्वदही मेले नाहीत तर चालत नाही. ही जागतिक आरोग्य संघटनेची चाचणी आहे. फवारायच्या आधी तिचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावा.

दुसरी, डासाचं नाव सांगा. ‘डासांचा प्रादुर्भाव’ हे उत्तर नको. कुठला वाण, कुठल्या पाण्यात, ते सांगा.

तिसरी आणि खरी, पाणी द्या आणि गटार बांधा. तारापूरला १९६९ पासून अणूची वीज तयार होते. एमआयडीसीत रसायनं होतात, औषधं होतात. आणि तिथल्या कामगाराच्या चाळीत नळाला पाणी नाही म्हणून बाई पिंप भरून ठेवते. एडिस त्या पिंपात मुक्काम करतो. त्याची अंडी कोरड्या पिंपाला चिकटून महिनोन्‌महिने जगतात. पिंप बाईनं हौसेनं नाही भरलं. नळ रोज आला तर पिंप लागणार नाही.

तोवर आपलं आपण करू. आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामं करून आतून घासायचं, वर फडकं घट्ट बांधायचं. पण हे करताना मागणी सोडायची नाही. घासणं हे आपलं काम, नळ हे त्यांचं.

दोस्तांनो, प्रत्येक विषाला पुरून उरणारा एखादा डास लाखात असतोच. विष बदला, तो दुसरीकडून निघेल. पण पाण्यावाचून वाढणारी अळी अजून कुठल्या वाणात जन्मली नाही. सरकार विष देतं, कारण विष स्वस्त पडतं. आपण पाणी मागू.

येत्या रविवारी वस्तीतली पिंपं, खड्डे आणि बंद नळ मोजायला निघायचंय. वही माझ्याकडं आहे. दोघं-दोघं या.

जय भीम.