पंगत उठू दे, मग बघू
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी माझे नाव परस्पर घातले, म्हणून मी इथे उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि डॉक्टरीणबाई समोर असताना हृदयविकारावर मी बोलायचे म्हणजे सोनाराच्या दारात पितळ विकायला बसण्यासारखे आहे. पण गेली दोन वर्षे माझ्या थोरल्या जाऊबाईंबरोबर दवाखान्याच्या फेऱ्या माझ्याच वाट्याला आल्या. तिथे जे ऐकले, जे विचारले, ते हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहीत गेले. त्या वहीतलेच सांगते. चुकले तर बाईंनी तिथेच थांबवावे.

जाऊबाई तेव्हा बावन्न वर्षांच्या. घरी सत्यनारायण होता, पन्नास पान होते. सकाळपासून त्यांच्या जबड्यात आणि पाठीत, दोन खांद्यांच्या मधे, ठणका लागला होता. घाम येत होता, मळमळत होते. छातीत कळ अशी आली नाही. पित्त झाले म्हणून त्यांनी पाण्यातून सोडा घेतला. मी म्हटले, "आक्का, जरा पडा." तर म्हणाल्या, "पंगत उठू दे, मग बघू." पंगत उठली, उष्टी निघाली, दुसरी पंगत बसली. चारच्या सुमारास मोरीपाशी बसल्या त्या उठेनात. कार्डिओग्राम काढला तेव्हा कळले, की झटका सकाळीच येऊन गेला होता.

आपले हृदय म्हणजे आपल्याच मुठीएवढा स्नायू. दिवसाकाठी लाखभर ठोके देतो. त्याला स्वतःलाही रक्त लागते, आणि ते आणणारी नळी गुठळी होऊन बंद पडली की तेवढा भाग उपाशी मरू लागतो. पहिल्या तासा-दोन तासांत नळी मोकळी झाली तर पुष्कळसे वाचते. मेलेला भाग मात्र पुन्हा उगवत नाही. जाऊबाई वाचल्या, देवाची कृपा. पण आता त्यांना पाण्याची बादली उचलवत नाही आणि एक जिना चढताना दोनदा थांबावे लागते. त्या दुपारी पंगतीला दुसरे कोणीही वाढू शकले असते.

सिनेमात झटका येतो तो पुरुषाला, आणि तो छाती धरून खाली पडतो. छातीत दुखणे, दाटणे, वजन ठेवल्यासारखे वाटणे हे बायकांतही सगळ्यांत अधिक आढळते. पण बायकांना त्याबरोबर, आणि कधी त्यावाचूनही, धाप लागते, मळमळते, जबडा, मान, पाठ किंवा हात दुखतो, कधी नव्हे असा थकवा येतो. आपण त्याला पित्त म्हणतो, वात म्हणतो, दगदग म्हणतो. असे अचानक झाले आणि पाच-दहा मिनिटांत ओसरले नाही, तर बसून राहावे आणि 108 ला फोन लावायला सांगावे. ही गाडी 2014 पासून महाराष्ट्रात फुकट येते. जिने उतरत चालू नये, स्कूटरवर दोघांच्या मधे बसून जाऊ नये. "हे घरी आल्यावर विचारते" असेही म्हणू नये. पित्तच निघाले तर हसून घरी येता येते.

पाळी चालू आहे तोवर बाईला थोडे संरक्षण असते, ती गेल्यावर ते कमी होत जाते. म्हणजे आपण इथे बसलेल्या बहुतेकजणी त्या उंबरठ्यावर आहोत. बाळंतपणाआधी जिचा रक्तदाब वाढला होता किंवा रक्तातली साखर वाढली होती, तिला पुढे हृदयविकाराचा धोका अधिक असतो. हे मला वहीत लिहीपर्यंत ठाऊक नव्हते. बाळ सुखरूप झाले की आपण ते विसरून जातो. डॉक्टरांना मुद्दाम सांगावे.

आता मिठाकडे वळते, कारण ते आपल्या हातात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात लोणचे, पापड, फरसाण, खारी बिस्किटे सगळे आले. मी गणित मांडले. चार माणसांच्या घरी 20 ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा 50 दिवस चालला पाहिजे, आणि बाहेरून आलेला खारट जिन्नस धरला तर त्याहूनही अधिक. पुडा फोडलात की त्यावर तारीख घाला. पानात डावीकडे मीठ वाढायची आपली रीत आहे, ती मी नैवेद्यापुरती ठेवली आहे. सैंधव उपासाचे म्हणून आपण निर्धास्त घालतो, पण रक्तदाब चढवणारा अंश त्यातही तोच. उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर तळलेले पापड. अशा उपासाने देव प्रसन्न होत असेल, हृदय होत नाही.

तेल दरडोई महिन्याला साधारण अर्धा लिटर पुरते. दिवाळीच्या तळणाचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. बाकी आपले जुने खाणे वाईट नव्हतेच. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, जवसाची चटणी ह्यांना नाव ठेवायला जागा नाही.

एक गोष्ट बोलताना संकोच वाटतो, पण बोलते. मिश्री. बिडी ओढणाऱ्या नवऱ्याशी आपण भांडतो आणि पदराआड डबी ठेवतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती हिरडीवाटे रक्तात जाते, ठोके वाढवते, दाब वाढवते. "दात घासायला" म्हणून दिवसातून पाच वेळा लागते ती सवय नव्हे, व्यसन. जाऊबाईंची डबी दवाखान्यात उशीखाली सापडली होती. सहा महिने त्यांची चिडचिड सोसली, पण सुटली.

धुराचेही तसेच. दिल्लीच्या डॉक्टर एस. पद्मावती ह्यांनी 1950 च्या दशकात तिथल्या रुग्णालयातले रोगी तपासून दाखवले, की चुलीच्या धुराने बायकांची फुप्फुसे बिघडतात आणि त्यापायी हृदयाची उजवी बाजू थकते. भारतातल्या पहिल्या स्त्री हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतात. 1917 साली जन्मल्या, 2020 साली 103 वर्षांच्या होऊन गेल्या, आणि नव्वदी गाठेपर्यंत पोहत असत. आपल्यापैकी कुणाच्या माहेरी अजून चूल असेल तर निदान खिडकी, धुराडे बघा.

"दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम?" हे मीही ऐकते. घरकामाचा उपयोग आहेच, पण ते थांबत थांबत होते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास सलग चालावे. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये इतके झपझप. मंगळागौरीच्या झिम्मा-फुगडीला जो दम लागतो तो वर्षातून एका रात्री लागून भागत नाही.

रक्तदाब वाढलेला समजत नाही, डोके दुखेलच असे नाही. गोळ्या चालू असतील तर बरे वाटते म्हणून त्या सोडू नयेत, उपासाच्या दिवशीही नाही.

मंडळाने दाब मोजायचे यंत्र घेतले आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता इथेच मोजू. आधी अर्धा तास चहा नको. आल्यावर पाच मिनिटे गप्प बसायचे, हे आपल्याला जड जाईल. आकडा 140 वर 90 किंवा त्याहून अधिक आला तर घाबरायचे नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा आणि डॉक्टरीणबाईंना दाखवायचा. नावे चिटणीसबाईंकडे द्या, आणि सासूबाईंनाही बरोबर आणा.